कझाकस्तानची खानेसुमारी

भूगोलाच्या तासाला मुले देशोदेशींची लोकसंख्या पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरून जातात. यात मुलांचा दोष थोडा. एकटा आकडा लक्षात राहील तरी कसा? परंतु एकाच देशाचे निरनिराळ्या वर्षांचे आकडे एकाखाली एक मांडावेत, आणि मधल्या काळात काय घडले ते विचारावे. मग त्या आकड्यांमागच्या माणसांचे काय झाले ते उमगू लागते. आज आपण मध्य आशियातील कझाकस्तान या देशाचे आकडे असेच मांडून पाहू.

प्रथम नकाशा पाहा. वर रशिया, उजव्या हाताला चीन, डाव्या हाताला कास्पियन समुद्र, आणि मधला हा अवाढव्य मुलूख कझाकस्तानचा. क्षेत्रफळ सुमारे २७ लाख २५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जगात नववा क्रमांक. माणसे मात्र विरळ. २०२३ साली या देशाच्या लोकसंख्येने २ कोटींचा आकडा ओलांडला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या महाराष्ट्रात एका चौरस किलोमीटरला ३६५ माणसे होती. तिथे पडतात जेमतेम सात-आठ. कारण उघड आहे. बराच भाग म्हणजे कोरडे गवताळ माळरान. पाऊस थोडा, आणि उत्तरेकडे हिवाळा असा कडक की पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो.

अशा भूमीत शेतीपेक्षा जनावरांवर जगणे सोयीचे. कझाक लोक मेंढ्या, घोडे, उंट घेऊन फिरत. उन्हाळ्याचे कुरण वेगळे, हिवाळ्याचा मुक्काम वेगळा. आपल्याकडचे धनगर पावसाळा सरला की मेंढरे घेऊन कोकणात उतरतात, तसाच हा ऋतूंबरोबर चालणारा संसार. फक्त अंतरे कितीतरी मोठी. हे लोक धर्माने मुसलमान असून त्यांची भाषा तुर्की कुळातली आहे. त्यांच्यात एक जुना नियम आहे : बापाकडच्या सात पिढ्यांत नाते निघाले तर लग्न करायचे नाही. म्हणून मुलाला आपल्या सात पूर्वजांची नावे पाठ असावी लागतात.

आता आकड्यांकडे वळू. एखाद्या प्रदेशाची लोकसंख्या चार कारणांनी बदलते : माणसे जन्मतात, मरतात, बाहेरून येतात, बाहेर जातात. ही चार कारणे ध्यानात ठेवून पुढचे ऐका.

१९२६ साली सोव्हिएत सरकारने खानेसुमारी केली. तेव्हा कझाकस्तानात सुमारे ३६ लाख कझाक होते; निम्म्याहून अधिक वस्ती त्यांचीच होती. रशियन आणि युक्रेनी शेतकरी झारच्या काळापासून, विशेषतः १९०६ नंतर, जमिनी मिळवून उत्तरेकडे स्थायिक झाले होते. आता १९३९ ची खानेसुमारी पाहा. तेरा वर्षांत ३६ लाखांचे किती व्हावेत? साधारणपणे वाढायला हवेत. पण ते झाले सुमारे २३ लाख! शेकडा प्रमाण उरले ३८.

हे घडले दुष्काळाने. आणि तो दुष्काळ नुसता पावसाने आणलेला नव्हता. १९२९ नंतर सरकारने फिरत्या लोकांना सक्तीने एका जागी बसवायला सुरुवात केली. जनावरे सामुदायिक शेतांत जमा करायची, धान्य आणि मांस ठरलेल्या कोट्याप्रमाणे सरकारला द्यायचे. ज्याची मेंढी गेली त्याचे दूध गेले, मांस गेले, लोकर गेली, पोट भरण्याचे साधनच गेले. एका ठिकाणी कोंडलेल्या जनावरांना चारा कुठला? थोड्याच वर्षांत दहांतली नऊ जनावरे नाहीशी झाली. १९३० ते १९३३ या काळात सुमारे १५ लाख माणसे मेली. त्यांत कझाक सुमारे १३ लाख होते. लाखो लोक चीनकडे आणि शेजारच्या प्रदेशांत पळाले. त्यांतले पुष्कळ परतलेच नाहीत. आज त्या देशात ३१ मे हा दिवस या बळींच्या स्मरणासाठी पाळतात.

जी माळराने अशी ओस पडली, तिथे दुसरीकडची माणसे आणून सोडण्यात आली. १९३७ साली सोव्हिएत संघाच्या पूर्व किनाऱ्यावरचे कोरियन लोक, जपानचे हेर होतील या संशयावरून, आगगाड्यांत भरून मध्य आशियात पाठवले गेले. त्यांतले सुमारे ९५ हजार कझाकस्तानात उतरले. १९४१ साली जर्मनीशी युद्ध पेटताच व्होल्गा नदीकाठच्या जर्मनांची पाळी आली. त्यांचे पूर्वज अठराव्या शतकात रशियात आलेले. हिटलरशी त्यांचा काही संबंध नव्हता. १९४४ च्या फेब्रुवारीत चेचेन आणि इंगुश या डोंगरी लोकांना गावेच्या गावे रिकामी करून आणले. पुष्कळजण वाटेत आणि पहिल्या हिवाळ्यात दगावले. जे जगले त्यांना स्थानिक कझाक कुटुंबांनी आसरा दिला, असलेली भाकरी वाटून खाल्ली, अशा आठवणी या लोकांत आजही सांगितल्या जातात. स्वतः दुष्काळातून नुकतेच सावरलेले ते लोक होते, हे विसरू नये.

यानंतर १९५४ साली ख्रुश्चेव्ह यांच्या काळात पडीक माळ नांगरून गहू पिकवण्याची मोहीम निघाली. त्यासाठी रशिया-युक्रेनमधून लाखो तरुण आले. या सगळ्याचा परिणाम १९५९ च्या खानेसुमारीत दिसला. रशियन शेकडा ४३ च्या आसपास, आणि कझाक शेकडा फक्त ३०. ज्यांच्या नावाने देश ओळखला जातो, ते आपल्याच घरात तिसऱ्या हिश्श्याचेही उरले नाहीत.

मग काटा उलटा फिरला. कझाक कुटुंबांत मुले अधिक होत. १९५९ मध्ये ते २८ लाख होते, १९८९ मध्ये ६५ लाख झाले. प्रमाण शेकडा ४०. १६ डिसेंबर १९९१ रोजी देश स्वतंत्र झाला, आणि माणसांचा ओघ बाहेर लागला. जर्मन जर्मनीला गेले, रशियन आणि युक्रेनी आपापल्या मुलखाला. १९८९ मध्ये जर्मन साडेनऊ लाखांवर होते, १९९९ मध्ये साडेतीन लाख राहिले.

इथे गुरुजींनी मुलांना एक गोष्ट अवश्य दाखवावी. १९८९ ते १९९९ या दहा वर्षांत कझाकांचे प्रमाण ४० वरून ५३ वर चढले; पण देशाची एकूण लोकसंख्या सुमारे १ कोटी ६५ लाखांवरून १ कोटी ५० लाखांवर घसरली. म्हणजे टक्केवारीतली ही वाढ केवळ जन्मांमुळे झाली नाही. इतर लोक निघून गेले, हेही तिचे मोठे कारण आहे. टक्केवारी वाचताना मूळ संख्या पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

सरकारने परदेशांतल्या कझाकांनाही परत बोलावले. उझबेकिस्तान, चीन, मंगोलिया येथून १९९१ नंतर दहा लाखांहून अधिक लोक आले. २०२१ च्या जनगणनेत कझाक शेकडा ७० होते, रशियन १५ ते १६, उझबेक ३, युक्रेनी २. त्याखेरीज उइगुर, जर्मन, तातार, आणि सुमारे १ लाख १८ हजार कोरियन. या कोरियनांना आपल्या पद्धतीची कोबी तिथे मिळेना, म्हणून त्यांनी गाजर किसून तिखट-व्हिनेगरात मुरवले. आज ती कोशिंबीर तिथल्या बाजारात सगळ्याच जातीजमातींचे लोक विकत घेतात.

सगळेच गोडीगुलाबीचे आहे असे मात्र नाही. १९८६ च्या डिसेंबरात मॉस्कोने बाहेरचा रशियन माणूस प्रांताचा प्रमुख नेमला तेव्हा अल्माटीत कझाक तरुण रस्त्यावर उतरले आणि त्यांना बळाने दडपण्यात आले. २०२० च्या फेब्रुवारीत दक्षिणेच्या कोर्दाई भागात कझाक आणि दुंगान, म्हणजे चिनी वंशाचे मुसलमान, यांच्यात दंगल होऊन माणसे मेली. भाषेचा प्रश्नही आहे. राज्यभाषा कझाक, पण रशियनही सरकारी कामकाजात चालते. आणि शहरांतली कितीतरी कझाक कुटुंबे घरातसुद्धा रशियनच बोलतात. तेव्हा जनगणनेत एखाद्याने ‘मी कझाक’ असे लिहिले, तरी त्यावरून त्याची घरची भाषा कळत नाही. वंश आणि भाषा हे दोन रकाने वेगळे ठेवावे लागतात.

शिक्षकांनी फळ्यावर एवढेच लिहावे : १९२६, १९३९, १९५९, १९८९, १९९९, २०२१. प्रत्येकासमोर कझाकांचे शेकडा प्रमाण मांडावे, आणि मुलांना विचारावे, इथे जन्म, मृत्यू, येणे, जाणे यांपैकी कोणते कारण मोठे? १९३९ पाशी आले की जरा थांबावे. त्या एका आकड्यात जी माणसे कमी भरतात, त्यांच्याविषयी सोव्हिएत राजवटीत उघडपणे बोलायलाही बंदी होती. सरकारने मौन पाळले तरी दोन खानेसुमाऱ्यांमधली ती तूट कागदावर राहिलीच, आणि पुढे अभ्यासकांना तिचा माग काढता आला.