ताकेदाचा ओसाड गड

जपानांतील किल्ला म्हटला कीं पांढऱ्या भिंतींचा आणि वळणदार छपरांचा उंच वाडा डोळ्यांपुढें येतो. ह्योगो प्रांतांतील ताकेदाच्या गडावर तसें कांहींच नाहीं. सुमारें ३५४ मीटर उंचीच्या माथ्यावर उघडे दगडी तट तेवढे उरले आहेत. पण मी म्हणेन, छपरें गेलीं म्हणूनच येथली बांधणी नीट पाहतां येते.

पंधराव्या शतकांत यामाना घराण्याच्या सरदारांनीं येथें प्रथम ठाणें वसविलें, असें परंपरा सांगते. आजचे तट मात्र सोळाव्या शतकाच्या अखेरचे. ते शेवटचा गडकरी आकामात्सु हिरोहिदे याच्या कारकीर्दींत उभे राहिले. मध्यावर मुख्य बुरुजाचा चौथरा असून तेथून डोंगराच्या सोंडांवर तटबंदीचे फांटे उतरत गेले आहेत. दक्षिणोत्तर लांबी सुमारें ४०० मीटर भरते. हा आकार पाहूनच लोकांनीं गडाला ‘निजलेल्या वाघाचा किल्ला’ म्हटलें.

आतां तटाजवळ जाऊं. दगड जवळजवळ अनघड आहेत. चुना तर कोठेंच नाहीं. ओमी प्रांतांतील आनो गांवच्या गवंड्यांची ही पद्धत. दगडाची लांब बाजू आंत घालावयाची, तोंड तेवढें बाहेर ठेवावयाचें आणि पाठीमागें लहान गोटे ठासून भरावयाचे. पावसाचें पाणी या गोट्यांतून वाट काढतें. भिंतीमागें तें तुंबत नाहीं, म्हणून भिंतीस फुगवटा येत नाहीं. कोपऱ्यावर लांब दगड एकदां या अंगास, एकदां त्या अंगास असे आलटून पालटून बसविलेले दिसतात. बाहेरून दिसतो त्याहून अधिक तट आंत आहे!

हिरोहिदे हा विद्याव्यासंगी पुरुष. कन्फ्यूशियसच्या मताचा पंडित फुजिवारा सेइका त्याचा स्नेही होता. १६०० सालीं सेकीगाहाराच्या लढाईनंतर, तोत्तोरीचें गांव जाळल्याचा ठपका येऊन त्यास आत्मघात करावा लागला. त्याच सालीं गड ओसाड पडला.

शरद ऋतूंत पहाटे मारुयामा नदीवर धुकें दाटतें व गड ढगांवर तरंगल्यासारखा भासतो. हें दृश्य पाहण्यासाठीं २०१२ नंतर एवढी गर्दी लोटली कीं वर्षाची संख्या पांच लाखांवर गेली. पायांखालीं गवत मेलें, माती झिजली, पुरलेलीं कौलें उघडीं पडलीं. म्हणून वाटांवर चटया अंथरल्या व दोर बांधले. वास्तविक धुक्यावरचा गड पाहावयाचा तर गडावर जाऊन उपयोग नाहीं. त्यासाठीं समोरच्या डोंगरावर उजाडण्यापूर्वींच पोंचावें लागतें.