पावा घ्यावा कसा, करावा कसा

शिरगावची लईराईची जत्रा असो, पेडण्याची पुनव असो वा म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीचे फेस्त असो. खाज्यांच्या दुकानांपलीकडे एक इसम बहुधा भेटतोच. खांद्यावर काठी, काठीला लहानमोठ्या बासऱ्यांचा झुबका, आणि त्यांतलीच एक ओठांशी. तो इतके गोड वाजवितो की मूल आईचा हात सोडून त्याच्यामागे जाते.

एके वर्षी आम्हीही बांगड्यांच्या एका वाट्याच्या किमतीत असा एक उभा पावा घरी आणला. घरातील नऊ वर्षांच्या मुलाने तो चार महिने इमानेइतबारे फुंकला. पण पेटीच्या सुराशी त्याचे काही जमेना. ‘मला सूरच कळत नाही,’ असे म्हणून त्याने तो माळ्यावर टाकला. पुढे पुष्कळ वर्षांनी एका जाणत्याने तो हाती घेतला, तेव्हा उमगले की तिसरे भोक गव्हाभर तोंडाकडे सरकले होते. दोष वेळूचा, शिक्षा भोगली मुलाने. तोवर त्याचे शिकायचे वय निघून गेले होते.

म्हणून वाचकांस आमचे पहिले सांगणे हे की विक्रेता स्वतः वाजवीत असतो तोच पावा मागावा. तो त्याने निवडून घेतलेला असतो! त्याने नाकारल्यास दुसरे पाचसहा फुंकून पाहावे. सहाही भोके बंद करून हळू फुंकले असता खालचा सूर न किंचाळता यावा. जरा जोर देताच तोच सूर वरच्या सप्तकात लागावा. मग एकेक बोट उचलीत वर जावे. कान पक्का नसेल तर हल्ली भ्रमणध्वनीत सूर मोजण्याची सोय असते, तिचा आधार घेण्यात कमीपणा नाही. लहान हातांना लांब पावा देऊ नये. वीतभर-दीड वीत पुरे.

आपल्या कुंपणातला बांबू का चालत नाही, असे पुष्कळजण विचारतात. कोकणगोव्यात जो माणगा पिकतो तो जवळजवळ भरीव. मांडवाला उत्तम, पाव्याला निरुपयोगी. पाव्यास पातळ सालीचा, लांब पेराचा वेळू लागतो. उत्तर प्रदेशातील पिलीभीत हे गाव बासऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण तेथील कारागीरही वेळू आसामकडून आणवितात.

या गरिबांच्या वाद्याला परदेशात केवढा मान मिळाला, ते ऐकण्यासारखे आहे. इंग्लंडच्या सफोक परगण्यातील रॉबर्ट क्लार्क नामक मजुराने 1843 च्या सुमारास टिनच्या पत्र्याची, तोंडात लाकडी बूच बसविलेली सहा भोकांची शिट्टी करून विकावयास आरंभ केला. स्वस्त असल्याने ती आयर्लंडात घरोघरी गेली. पुढे फिनबार फ्युरी या आयरिश वादकाजवळ भारतातून गेलेला एक मोठा बांबूचा पावा होता. तो मोडला आणि दुरुस्त होईना, तेव्हा बर्नार्ड ओव्हरटन यांनी 1971 साली त्याच्याऐवजी धातूचा पावा घडवून दिला. आज आयरिश संगीतात घुमणारी खर्जाची ‘लो व्हिसल’ ती हीच. आमच्याकडे जत्रेत दुर्लक्षिलेल्या वेळूची ही परदेशी लेक!

तशी शिट्टी घरीही करता येते. वीजजोडणीची पांढरी प्लास्टिकची नळी, आतील पोकळी 16 मिलिमीटरच्या आसपास, घ्यावी. तोंडात लाकडी बूच बसवावे आणि त्याचा वरचा भाग सपाट तासून वारा जाण्यापुरती बारीक फट ठेवावी. बूच जेथे संपते तेथे नळीला चौकोनी खिडकी पाडून तिची पलीकडची कड उतरती घासावी. फटीतला वारा नेमका या कडेवर आदळला पाहिजे. सारी करामत येथेच आहे, आणि पहिल्या दोनतीन नळ्या येथेच वाया जातात. खिडकीपासून 42 सेंटिमीटर लांबी ठेवून, सूर ऐकत टोक थोडेथोडे कापीत गेले की 40 च्या आसपास पांढरी पाच लागते. भोके खालून वर पाडीत जावे. प्रत्येक भोक आधी बारीक ठेवावे आणि सूर चढेपर्यंत कानसीने मोठे करावे. चुकून अधिक चढला तर भोकाच्या वरच्या कडेस मेण भरले की तो उतरतो. वेळूस भोके तापल्या सळईने पाडतात. प्लास्टिकला मात्र सळई लावू नये, त्याचा धूर विषारी असतो.

शिकविताना घाई नको. पहिले आठ दिवस एकच सूर, एका श्वासात, थरथर न होता. जुन्या काबिजादींतील चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवीत. त्या शाळांतून तयार झालेल्या वादकांनी मुंबईचे चित्रपटसंगीत उचलून धरले. पेडणे-डिचोलीकडे मुलांच्या कानी पडते ते भजन आणि दशावतार. पाव्याला दोन्ही सारखेच. आयरिश वादक सर्व भोके बंद असता येणाऱ्या सुरास घर मानतो, आपला बासरीवाला तोच सूर पंचम धरतो आणि वरची तीन भोके बंद ठेवून षड्ज घेतो. सहा भोके तीच, मांडणी निराळी. मोठ्या खर्जाच्या पाव्यावर बोटांची टोके पुरत नाहीत, तेथे मधली पेरे ठेवावी लागतात, एवढे मोठ्या माणसांनी ध्यानी धरावे.

गेल्या चतुर्थीच्या सुट्टीत तो मुलगा घरी आला होता. आता तो नोकरीला आहे. माळ्यावरचा पावा आम्ही आधीच खाली काढून तिसऱ्या भोकाच्या वरच्या कडेस मेण भरून ठेवला होता. त्याने तो उगाच उचलला, फुंकला, मग उठून पेटी ओढून घेतली. त्या रात्री पाने वाढली आहेत असे त्याला तीनदा सांगावे लागले.