अडुसष्टाव्या वर्षीचे न्यूयॉर्क

३ ऑक्टोबर १९४० रोजी ‘सामारिया’ ही बोट न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागली. तिच्यातून उतरलेल्या प्रवाशांत पीट मोंद्रियान हा डच चित्रकार होता. वय अडुसष्ट. परतायला त्याला युरोपात जागाच उरली नव्हती. मे महिन्यात जर्मन फौजांनी त्याचा मायदेश व्यापला होता. उमेदीची वर्षे जिथे गेली ते पॅरिसही जूनमध्ये पडले होते. लंडनला त्याच्या खोलीच्या शेजारी बॉम्ब पडला आणि तिथला मुक्कामही आटोपला. नाझींनी १९३७ साली ‘अधःपतित कला’ म्हणून जी चित्रे हिणवण्यासाठी टांगली, त्यांत त्याचीही होती.

यानंतर तो तीन वर्षे चार महिने जगला. त्या काळाचा मागोवा घेताना मला सारखे वाटत राहते की, त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोकळा काळ हाच होता, आणि त्याचे बरेचसे श्रेय त्या शहरातल्या रोजच्या जगण्याला द्यायला हवे.

त्याला इथवर आणले ते हॅरी होल्टझमन या तरुण अमेरिकन चित्रकाराने. १९३४ साली हा मुलगा त्याला भेटायला थेट पॅरिसला गेला होता. आता त्याने मोंद्रियानच्या प्रवासाची सोय केली आणि पूर्व छप्पन्नाव्या रस्त्यावर, फर्स्ट अव्हेन्यूच्या कोपऱ्याशी, त्याच्यासाठी घर भाड्याने घेतले. मोंद्रियानने भिंती पांढऱ्या केल्या आणि लाकडी खोक्यांमधून टेबल, स्टूल अशा गरजेच्या वस्तू स्वतःच्या हाताने बनवल्या. भिंतींवर लाल, निळ्या, पिवळ्या पुठ्ठ्याचे आयत लावले. ते तो काढायचा आणि दुसरीकडे लावून बघायचा. जेवणातही शिस्त होती: पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने एका जेवणात एकत्र घ्यायची नाहीत, हा ‘हे’ नावाच्या डॉक्टरचा नियम तो काटेकोर पाळी. इंग्रजी लिहिताना तो अडखळायचा. शार्मियन फॉन वीगंड ही पत्रकार आणि चित्रकार बाई त्याचे निबंध त्याच्याबरोबर बसून नीट करून देई.

हे शहर एके काळी डचांनीच वसवले होते. १६६४ मध्ये इंग्रजांनी घेईपर्यंत त्याचे नाव न्यू ॲमस्टरडॅम होते. पण मोंद्रियानने इथे जुना हॉलंड शोधला नाही. त्याला ओढ लागली ती काळ्या पियानोवादकांच्या संगीताची. जॅझचे वेड त्याला पॅरिसपासून होते. बूगी-वूगी मात्र होल्टझमनने त्याला न्यूयॉर्कमध्ये आल्या आल्या ऐकवले आणि तो हरखून गेला. या संगीतात डावा हात ठेका धरून बसतो, तो सोडत नाही. उजवा हात त्या ठेक्याला हुलकावण्या देत छोटे छोटे तुकडे टाकत जातो. अल्बर्ट अमन्स, मीड लक्स लुईस, पीट जॉन्सन हे या वादनातले दिग्गज ‘कॅफे सोसायटी’त वाजवत. काळे आणि गोरे श्रोते तिथे एकत्र बसत, आणि त्या काळच्या अमेरिकेत ही लहान गोष्ट नव्हती. मोंद्रियान तिथे ऐकायला जाई आणि नाचायलाही. ली क्रॅस्नर ही चित्रकार त्याच्याबरोबर नाचल्याची आठवण पुढे सांगत असे.

हा ठेका चित्रात यायला वेळ लागला नाही. वीस वर्षे काळ्या आडव्या-उभ्या रेषा हा मोंद्रियानच्या चित्राचा कणा होता. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या हाती रंगीत चिकटपट्टी आली. पट्टी लावायची, दूर उभे राहून बघायचे, पटले नाही तर उचलून सरकवायची. रंग खरवडण्याची कटकट संपली आणि रेषाही रंगीत झाल्या. १९४२ च्या ‘न्यूयॉर्क सिटी’त पिवळ्या, लाल, निळ्या रेषा एकमेकींच्या वरून-खालून जातात. ‘ब्रॉडवे बूगी वूगी’मध्ये तर अखंड रेषाच उरली नाही. पिवळे पट्टे लाल, निळ्या, करड्या चौकोनांनी तुटत तुटत धावतात. आयुष्यभर घोटलेली पद्धत सत्तरीत मोडायला मोठे धैर्य लागते.

एकांतप्रिय म्हणून ओळखला जाणारा हा माणूस इथे एकटा पडला नाही. ‘अमेरिकन ॲब्स्ट्रॅक्ट आर्टिस्ट्स’ या संस्थेने त्याला आपलेसे केले. १९४२ च्या आरंभी व्हॅलेंटाइन गॅलरीत त्याचे अमेरिकेतले पहिले एकल प्रदर्शन भरले. १९४३ मध्ये पेगी गुगनहाइमच्या गॅलरीसाठी निवड चालू असताना जॅक्सन पोलॉक या जवळपास अनोळखी तरुणाच्या चित्रापुढे तो थांबला आणि हे लक्ष देण्याजोगे आहे असे त्याने पेगीला सांगितले. ते चित्र त्याच्या स्वतःच्या चित्रांच्या अगदी उलट वळणाचे होते. त्याच वर्षी ब्राझीलची शिल्पकार मारिया मार्तिन्स हिने ‘ब्रॉडवे बूगी वूगी’ विकत घेतले आणि स्वतःचे नाव पुढे न करता ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ला देऊन टाकले.

१९४३ च्या शरद ऋतूत तो पूर्व एकोणसाठाव्या रस्त्यावर राहायला गेला. तिथे ‘व्हिक्टरी बूगी वूगी’वर काम चालू होते. शीर्षकात युद्ध जिंकण्याची आशा होती. चित्र पुरे झाले असे मित्रांना वाटले, तरी त्याने पुन्हा पट्ट्या चिकटवून नव्याने जुळवाजुळव सुरू केली. तेवढ्यात न्यूमोनिया झाला आणि १ फेब्रुवारी १९४४ रोजी तो गेला. ब्रुकलिनच्या सायप्रस हिल्स दफनभूमीत त्याला पुरले. होल्टझमन आणि फ्रिट्झ ग्लार्नर या मित्रांनी त्याचा स्टुडिओ काही आठवडे जसाच्या तसा लोकांना पाहायला खुला ठेवला. ते अपुरे चित्र १९९८ मध्ये आठ कोटी गिल्डरना हॉलंडने विकत घेतले. आज ते हेगच्या संग्रहालयात आहे.

आपल्याकडची कितीतरी माणसे साठी-सत्तरीत मुलांकडे अमेरिकेला जातात आणि परक्या शहरात दिवस मोजत बसतात. तुम्ही त्यांच्यापैकी असाल आणि न्यूयॉर्कला गेलात तर मॅनहॅटनच्या त्रेपन्नाव्या रस्त्यावरच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’मध्ये जा आणि ‘ब्रॉडवे बूगी वूगी’ शोधा. त्यापुढे घाई न करता उभे राहा. ते काढणारा माणूस त्या शहरात आला तेव्हा तुमच्याच वयाचा होता.