जाळी तीच, मग सर्व्हिस वेगळी का?

परवा शिवारफेरी आटोपून एका शेतकऱ्याच्या घरी चहाला थांबलो होतो. टीव्हीवर टेनिसचे सामने चालू होते; आधी पुरुषांचा, मग बायकांचा. अंगणात छोटी नात चिंचेवर दगड मारीत होती आणि आजी तिला रागावत होती. सूनबाईने विचारले, "साहेब, मैदान तेच, जाळी तीच. मग बायांची सर्व्हिस कमी जोराची का?"

प्रश्न मार्मिक होता. सर्व्हिस म्हणजे चेंडू वर उडवून, डोक्यावरून रॅकेटने मारून समोरच्या चौकोनात टाकणे. अमेरिकेच्या जॉन इस्नरने २०१६ साली ताशी २५३ किलोमीटर वेगाची सर्व्हिस केली. व्हीनस विल्यम्सने २००७ साली ताशी सुमारे २०८ किलोमीटरपर्यंत मजल मारली होती.

पहिले कारण उंचीचे. जाळी मध्यभागी ३ फूट उंच आणि खेळाडूपासून ३९ फुटांवर असते. तिच्यापलीकडे २१ फुटांवर चौकोन संपतो. चेंडू अगदी सरळ रेषेत न्यायचा, तर तो साडेआठ फुटांहून वरून मारावा लागतो. इस्नर जवळजवळ सात फुटी, त्याला ते सोपे. बुटक्या खेळाडूला फिरकी देऊन चेंडू खाली वळवावा लागतो; त्यात वेग खर्ची पडतो.

दुसरे कारण खांद्या-दंडाची ताकद. म्हणूनच पुरुषांत पुष्कळदा सर्व्हिसवरच गुण संपतो. २०१० साली विम्बल्डनला इस्नर आणि माहू यांचा सामना तीन दिवस चालला. त्यात इस्नरच्या ११३ आणि माहूच्या १०३ सर्व्हिस बिनतोड ठरल्या! बायकांत सर्व्हिस परतवली जाण्याचे प्रमाण जास्त, त्यामुळे खरी झुंज पुढे रंगते.

तिसरे कारण सवयीचे. सर्व्हिस ही एक फेकच आहे. गोफण फिरवणाऱ्याला ठाऊक असते, की जोर नुसत्या मनगटात नसतो. तो पायांतून कमरेत आणि कमरेतून खांद्यात येतो. मुलगे लहानपणापासून दगड, चेंडू फेकतात. मुलींना आपण आवरतो. व्हीनस आणि सेरेना या बहिणींच्या वडिलांनी मात्र मुलींकडून अमेरिकी फुटबॉल फेकून घेतला. पुढे २०१२ साली सेरेनाने विम्बल्डन जिंकले, तेव्हा तिच्या १०२ सर्व्हिस बिनतोड होत्या. तिची उंची जेमतेम पावणेसहा फूट!

आजी हे सारे ऐकत होत्या. मी म्हटले, "आजी, उंची आपल्या हाती नाही, सवय आहे. माणसे बघून मारायला सांगा, पण पोरीला दगड मारू द्या."

आजी हसल्या. म्हणाल्या, "मग चिंचा तरी पाड म्हणावं, नुसता पाला पाडतीय!"