आधी थांबायला शिका

इंग्लंडमधल्या कुठल्याही गावाच्या बाजारपेठेत बॅटरीच्या तीन किंवा चार चाकी गाडीवर बसून भाजी आणायला निघालेली वयस्कर माणसं हटकून भेटतात. हीच मोबिलिटी स्कूटर. अमेरिकेत मिशिगनमध्ये १९६८ साली अल थीम यांनी मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या पत्नीसाठी असं वाहन बनवलं आणि त्याला ‘अमिगो’ नाव दिलं. आता मुलांकडे ब्रिटनला राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांच्या घरातही ते दिसू लागलं आहे.

ब्रिटनमध्ये त्यासाठी परवाना लागत नाही, परीक्षाही नसते. सोय मोठी, पण त्यामुळे बरेच जण न शिकताच रस्त्यावर येतात, आणि मला काळजी वाटते ती याचीच. तिथल्या कायद्यात दोन प्रकार आहेत. फुटपाथवरची स्कूटर ताशी ६.४ किलोमीटरपर्यंत जाते. रस्त्यावर चालणारी १२.८ पर्यंत, तिला दिवे, हॉर्न, आरसा हवा आणि सरकारदरबारी नोंदणीही करावी लागते. फुटपाथवर मात्र तिनेही ६.४ च्या वर जायचं नाही. मोटारीची नंबरप्लेट १२.३ मीटरवरून वाचता यावी, अशी शिफारस आहे. चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला एवढं निमित्त पुरे.

आता मुख्य गोष्ट. या गाडीला पुढे नेणारा खटका हँडलवर असतो. तो दाबला की गाडी चालते, सोडला की ब्रेक आपोआप लागतो. ऐकायला किती सोपं! पण ज्यांनी पुण्यात वर्षानुवर्षं लुना किंवा बजाज चालवली, त्यांचा हात घाबरला की मूठ आवळतो. इथे मूठ आवळली तर खटका आणखी दाबला जातो आणि गाडी समोरच्यावर जाते. म्हणून पहिला धडा चालवण्याचा नाही, सोडण्याचा. मोकळ्या पार्किंगमध्ये वेगाची चकती कासवाच्या चित्रावर ठेवा, जमिनीवर खूण ठरवा, खटका सोडा आणि गाडी कुठे थांबते ते बघा. मग कुणाला तरी अचानक ‘थांबा’ म्हणायला सांगा. विचार न करता बोटं उघडली पाहिजेत. तोवर बाजारात जायची घाई नको.

नंतर फुटपाथची कड. जिथे ती उतरती केलेली असते तिथूनच, आणि सरळ काटकोनात. तिरकं गेलं की एक चाक वर, एक खाली, आणि गाडी कलंडते. तीन चाकी तर पटकन. चढावर अंग पुढे झुकवावं, उतारावर वेग कमी ठेवावा, उताराला आडवं वळू नये. बंद गाडी हाताने ढकलण्यासाठी मोटर सोडवणारी एक दांडी असते. ती ओढली की ब्रेकही सुटतो, म्हणून उतारावर तिला हात लावायचा नाही. चढताउतरताना किल्ली बंद हवीच, नाहीतर पदर किंवा पिशवीचा बंद खटक्यात अडकून गाडी हलते.

विकत घेण्याआधी भाड्याने घेऊन पाहणं शहाणपणाचं. मिल्टन कीन्समध्ये १९७९ साली ‘शॉपमोबिलिटी’ योजना सुरू झाली, आणि आता ब्रिटनमधल्या अनेक शहरांत बाजाराजवळच अशी स्कूटर मिळते. “गाडीवर बसलो की चालणं सुटेल,” असं म्हणून कित्येक जण घरातच बसतात. मला हे पटत नाही. दुकानापर्यंतचं अंतर गाडीने कापावं आणि शिल्लक ताकदीने आतल्या रांगांतून चालावं. घरात बसून मात्र चालणं नक्कीच सुटतं.

आपल्याकडे फुटपाथ उंच, तुटलेले, वर खांब आणि टपऱ्या. त्यामुळे सोसायटीचं आवार, बाग, मोठं दुकान एवढ्याच जागा सध्या खऱ्या उपयोगाच्या. हे बदललं पाहिजे, आणि ते मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

बॅटरी एकदा भरल्यावर गाडी किती जाईल, हे माहितीपत्रकात लिहिलेलं अंतर बहुधा सपाट रस्त्याचं असतं. थंडीत, चढावर बॅटरी लवकर उतरते. पहिल्या फेरीला त्याच्या निम्म्याहून कमी अंतर ठरवा. सोबतीला कुणी असेल तर त्याने शेजारून चालावं, पुढे पळू नये, आणि विचारल्याशिवाय हँडलला हात लावू नये.