'विनोद' म्हणजे दूर सारणे

विनोद म्हटले की आज हसूच आठवते. पण शब्दाच्या घडणीत हसू कुठेच नाही. 'वि' हा उपसर्ग आणि 'नुद्' म्हणजे ढकलणे हा संस्कृत धातू. म्हणून विनोद म्हणजे शीण, कंटाळा दूर सारणे. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात विनोदांचा स्वतंत्र भागच आहे. त्यात मल्लविनोद म्हणजे कुस्त्या, गीतविनोद म्हणजे गाणे. हसण्याच्या रसाला नाट्यशास्त्रात 'हास्य' हे वेगळे नाव होतेच. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरी जुना अर्थ मेलेला नाही. 'मनोविनोदन' म्हणताना आपल्याला करमणूकच अभिप्रेत असते, थट्टा नव्हे. मला वाटते, मन हलके करण्याच्या साधनांत हसवणे सर्वांत हाताशी, म्हणून सगळे नाव त्याच्याकडे गेले.