कत्तल नाही, मग शाकाहारी खातील?

ऑगस्ट २०१३मध्ये मार्क पोस्ट या डच शास्त्रज्ञाने गाईच्या स्नायूंतील मूळपेशींपासून वाढवलेला बर्गर लंडनमध्ये चाखायला दिला. खर्च अडीच लाख युरो! जनावर मारलं नाही, म्हणजे शाकाहाऱ्यांचा आक्षेप संपला? इतकं सोपं नाही. त्या पेशी ज्या सीरमवर पोसल्या, ते कत्तल झालेल्या गाभण गाईच्या गर्भाच्या रक्तातून काढतात. आता सीरमविना पेशी वाढवता येतात. सिंगापूरने २०२०मध्येच पेशींपासून वाढवलेलं चिकन विकायला परवानगी दिली. पण जैन किंवा माळकरी घरात प्रश्न फक्त हिंसेचा नसतो. तिथे मांसाचा वासही चालत नाही. माझ्या मते अशा मांसाचं खरं गिऱ्हाईक मांसाहारीच, चव सुटत नाही पण कत्तल खुपते असं. इटलीतल्या अशा गिऱ्हाइकांना मात्र ते मिळणार नाही. तिथल्या सरकारने २०२३मध्ये त्यावर बंदी घातली.